हाका मारणारं मशीन

नारायणगाव
१४ सप्टेंबर १९९७

कंचे,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही आणि कोणाचं लग्नही नाही. गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे. तुमच्या मंचरच्या दुकानात काचेमागे कपडे धुण्याचं मशीन ठेवलंय, अशी बातमी आमच्या ट्रकवाल्या अमृतने आणली. ते मला हवंय. पण घरात मांडून ठेवायला नाही. दसऱ्याला फड बाहेर पडला की अक्षय्य तृतीयेपर्यंत ते आमच्याबरोबर ट्रकातून फिरणार. आज डिंभ्याला, उद्या पारगावच्या साखर कारखान्यावर, परवा देव नेईल त्या माळावर.

चौथीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. मग तू लग्न होऊन शेठाणी झालीस आणि मी आईच्या तमाशात पायात चाळ बांधले. आता फडाची मालकीण मीच आहे, त्यामुळे माझ्यावर ओरडायला कोणी उरलं नाही. एक साळुमावशी सोडून.

मशीन तिच्यासाठीच. तुला ती आठवत असेल, शाळेत माझी वेणी घालायला यायची ती. आईच्या जोडीला नाचायची. आई गेली आणि मावशीने मला वाढवलं. पाय थकले तशी ती स्वतःहून फडाच्या धुण्याला बसली. चाळीस माणसांचे कपडे, नऊवाऱ्या, फेटे, धोतरं, थंडीत विहिरीवर आणि धुण्याच्या सोड्यात. हाताला भेगा पडून रक्त येतं. मागच्या हंगामात तिच्या बोटाचं रक्त राजाच्या पांढऱ्या अंगरख्याला लागलं, तर आमचा सोंगाड्या सावळेराम म्हणाला, ‘‘लढाई व्हायच्या आधीच महाराज कसे काय जखमी झाले?’’ सगळे हसले, मला काही हसू आलं नाही.

मी मशीनचं नाव काढलं आणि मावशी म्हणाली, ‘‘ज्या दिशी मशीन येईल, त्या दिशी मला म्होरल्या यष्टी स्टँडाव उतरव.’’ बोलते ते करते, हे तुला ठाऊक आहे. आणि मावशीशिवाय फड मला चालवता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा असं मशीन सुचव की तिचे हातही वाचतील आणि तीही जाणार नाही.

उत्तर नारायणगावच्या आमच्या राहुटीच्या पत्त्यावर टाक. दुकानात फोन केला असता, पण तुझ्याकडच्या फोनवर अख्खी पेठ कान लावून असते.

तुझी
लंका


मंचर
२० सप्टेंबर १९९७

प्रिय लंके,

संवत्सरी होऊन गेली, तरी आधी मिच्छामि दुक्कडम् म्हणून घेते. वर्षभरात तुला साधं कार्डही टाकलं नाही, त्याची माफी त्यातच धर.

योग्य माणसाला विचारलंस हो! माझ्याकडे स्वतःचं मशीन आहे, आणि तेही पूर्ण ऑटोमॅटिक. कपडे टाकायचे, पावडर टाकायची, बटण दाबायचं आणि खुशाल देरासरात दर्शनाला जायचं. परत येईपर्यंत कपडे धुऊन, पिळून तयार. आपण हात लावायचा नाही. मावशीला खुर्ची दे, पान दे, राणीसारखं बसव. आयुष्यभर धुणं बडवलेल्या बाईला याहून मोठं सुख काय देणार? तिचा रुसवा दोन दिवसांत जाईल. माझ्या सासूबाईंनीही मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा कवटाळला होता, आता मिक्सर बिघडला की त्यांनाच घास गिळत नाही.

मी तर म्हणते, विचारच करू नकोस.

तुझी
कंचन

ता. क. – लंकाबाईंना पुनमचंदचा नमस्कार. ऑटोमॅटिकच न्या, माणूस लागतच नाही. मात्र ट्रकातून फिरवलं तर कंपनी गॅरंटी देत नाही, ते आताच सांगतो, मागून भांडण नको. आणखी एक. आमच्या घरच्या मशीनवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. त्यावर विणलेला रुमाल आणि आमच्या मुलीच्या, रिंकूच्या बाहुल्या आहेत. धुणं अजून कामवाल्या ठमाबाईच करतात. खोटं बोलून माल विकणं आमच्या धंद्यात बसत नाही म्हणून लिहिलं.


नारायणगाव
२७ सप्टेंबर १९९७

कंचे,

शेठजींची ता. क. मी तालमीत मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या पोरी बाहुल्यांची चौकशी करताहेत.

पण शेठजी म्हणतात ‘माणूस लागतच नाही’, तिथेच सगळी गोम आहे गं. मला माणूस लागणारं मशीन हवंय! ऑटोमॅटिकला सपाट जमीन लागते, नळाला जोर लागतो. आमची जमीन म्हणजे नांगरलेलं रान आणि नळ म्हणजे टँकरची गळकी तोटी. पण ते सगळं मी निभावलं असतं. निभणार नाही ते हे की मावशीला खुर्चीत बसवून समोर मशीन एकटंच फिरत राहिलं, तर ती दुसऱ्या दिवशी बोचकं उचलेल. राणीसारखं बसायला ती राणी नाही. काम हाच तिचा श्वास आहे. तिला वाटलं पाहिजे की ही बया माझ्यावाचून एक फडकंसुद्धा धुऊ शकत नाही.

तर शेठजींना सांग, तुमच्याकडचं सगळ्यात नाठाळ मशीन काढा. सारखं हाका मारणारं, पाणी ओत, कपडे उलटे कर, मला धर, असं म्हणणारं. पाण्यात हात बुडवावे लागू नयेत, एवढीच अट. बाकी जितकं आडमुठं तितकं चांगलं.

लंका


मंचर
४ ऑक्टोबर १९९७

प्रिय लंके,

तुझं पत्र वाचून आमचे हे गल्ल्यावरून उठून उभेच राहिले. म्हणाले, ‘‘बापजाद्यांपासून दुकान आहे, पण वाईट माल मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं.’’ मी त्यांना समजावलं. समजलं नाही, पण त्यांनी गोदाम उघडलं.

मिळालं तुझं मशीन. दोन पिंपांचं आहे. एकात धुवायचं, मग आपल्या हाताने कपडे काढून दुसऱ्यात पिळायला टाकायचे. पाणी बादलीने ओतायचं आणि काम झालं की नळी खाली टाकून सोडायचं. पिळताना कपडे एका अंगाला झाले की सगळं मशीन उड्या मारत पुढे चालायला लागतं, तेव्हा कोणीतरी त्याला धरून उभं राहायचं. आणि मुख्य म्हणजे याचा भोंगा बिघडलेला आहे. प्रत्येक वेळी काम संपलं की बोंब मारतो आणि बटण हाताने पिळल्याशिवाय थांबत नाही. याच पायी तीन गिऱ्हाइकांनी ते परत आणलं. भोंगा दुरुस्त करून देतो म्हणाले, मी करू दिला नाही. खरं सांगते, आजवर दुकानात मी एवढी मन लावून एकही वस्तू निवडली नव्हती.

अमृत आज घेऊन गेला. ट्रकात चढवताना तो अंगावर दोनदा ओरडला, मशीनच्या.

तुझी
कंचन

ता. क. – सोबत स्टॅबिलायझर दिला आहे, जनरेटरवर लावल्याशिवाय चालवू नये. भोंग्याबद्दल तक्रार घेतली जाणार नाही. – पुनमचंद


मुक्काम डिंभे
२६ नोव्हेंबर १९९७

कंचे,

जिंकलो आपण!

दसऱ्याला ढोलकी, चाळ, जनरेटर यांच्या ओळीत मशीनचीही पूजा केली. मावशीने सगळ्यांना कुंकू लावलं, मशीनला लावलं नाही. पूजा झाली आणि बघते तर बाई खरंच बोचकं बांधून, चपला घालून ट्रकाच्या पायरीवर बसलेली! ‘‘मशीन आलं न्हवं? मंग आता मला उतरव,’’ म्हणाली. काही सुचेना, तेव्हा मी सरळ मशीन चालू केलं. काम संपलं आणि भोंगा जो सुटला! अमृतने बटण पिळलं, सावळेरामने पिळलं, मी पिळलं, थांबेना. गावातली कुत्री जमली. शेवटी मावशी उठली, हातातलं बोचकं खाली टाकलं, बटण आत दाबून एक पीळ दिला आणि भोंगा गप्प. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘हे असलं आनलंस व्हय गं?’’ आणि बोचकं पुन्हा सोडलं. तुझ्या दुकानाला दंडवत!

पहिल्याच धुण्यात नऊवाऱ्यांचा असा दोर वळला गेला की सुटता सुटेना. एका टोकाला पोरी, दुसऱ्या टोकाला ढोलकीवाले, मधे मावशी शिव्या देत गाठी सोडवतेय. गावाला वाटलं रस्सीखेच आहे. पोरं बक्षीस काय म्हणून विचारत होती.

एकच बदल झाला. जनरेटर फक्त खेळ चालू असताना चालतो, दिवसा डिझेल जाळणं परवडत नाही. त्यामुळे धुणंही रात्री, खेळाच्या वेळीच. गण-गौळणीचे घामट कपडे उतरले की लगेच मशीनमध्ये. त्याचीही मजा ऐक. परवा वगात राजाचा प्राण जात होता, राणी म्हणजे मी टाहो फोडत होते, आणि कनातीमागून भोंगा! माणसं माना वळवून बघायला लागली. पण सावळेराम काय सोडतो? कानावर हात ठेवून म्हणाला, ‘‘महाराज, आटपा! यमाची गाडी भाईर हॉर्न देतीया, डायवरला दुसरं बी भाडं हाय!’’ मेलेला राजा उताणा पडून हसला. आता पंचमंडळी सुपारी देताना विचारतात, ‘‘त्यो हॉर्न वाजनार ना?’’

मावशी तर मशीनमध्ये अशी गुंतलीय! जेवता जेवता भोंगा झाला की ताटावरून उठते. एका हाताने मशीन धरून उभी असते. पहाटे खेळ सुटेपर्यंत एक घटका तिला रिकामी मिळत नाही. हातांच्या भेगा मात्र भरून आल्या, परवा मी हातात घेऊन बघितले.

तुझी जिंकलेली
लंका


मंचर
१० डिसेंबर १९९७

प्रिय लंके,

यमाच्या गाडीवर आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आता दुकानात आलेल्या प्रत्येकाला भोंग्याची गोष्ट सांगतात. मला एकदा तुझा खेळ बघायचाय गं. पण आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण आणि नंतर दाराला कडी. तुझा खेळ सुरू होतो तेव्हा माझं घर झोपलेलं असतं.

एक विचारू? मावशी पूर्वी दिवसा धुवायची, आता रात्री धुते. मग ती झोपते कधी? दिवसा तर तुम्ही ट्रकात असता. मला उगाच टोचलं म्हणून विचारते. रागावू नकोस.

तुझी
कंचन

ता. क. – प्लास्टिक काढलं. बाहुल्या अजून आहेत. – पुनमचंद


पारगाव
६ जानेवारी १९९८

कंचे,

झोपते कधी म्हणजे? जन्म फडात काढलेली बाई आहे, ती तुझ्यासारखी गादीवर वाढलेली नाही. दमते कसली, माझ्यापेक्षा टणक आहे. तिला काम नसलं तरच ती आजारी पडेल. तू मशीन दिलंस, आता काळजी फुकट देऊ नकोस.

इथे ऊसतोडीच्या माणसांची गर्दी लोटलीय. खाली बसायला जागा नाही म्हणून लोक बैलगाड्यांवर उभे राहून बघतात. भोंग्याला वन्समोअर मिळाला.

घाईत,
लंका


मंचर
१८ मार्च १९९८

प्रिय लंके,

दोन महिने तुझं पत्र नाही. जत्रांचे दिवस आहेत, वेळ नसेल हे समजते. पण हे पत्र तू शांतपणे बसून वाच, आणि पूर्ण वाच.

काल दुपारी साळुमावशी आमच्या दुकानात आली. एकटी, एस. टी.ने. मशीनच्या बटणाचा तुकडा पडला म्हणून बदलून आणायला तूच पाठवलंस, असं तिने सांगितलं. बटण घेतलं. मग जाईना. काचेतलं ऑटोमॅटिक बघत उभी राहिली आणि यांना म्हणाली, ‘‘शेट, ह्ये आपोआप चालतं का?’’

आमच्या ह्यांना काय, कोणी विचारायचाच अवकाश! झाकण उघड, बटण दाखव, पाणी आपोआप, पिळणं आपोआप. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजी मानूस न्हाई लागत?’’ हे म्हणाले, ‘‘अजिबात नाही.’’ तर ती म्हणाली, ‘‘मंग त्ये आमचं माघारी घ्या आन् ह्ये द्या. पर मी सांगितलं म्हनून लंकीला सांगू नगा.’’

मी तिला आत घरात नेलं, चहा दिला. तिने कप खाली ठेवला आणि बोलायला लागली. तिचेच शब्द लिहिते, माझे घालत नाही.

‘‘बाई, दोन वरीस झाली, मला जायाचं व्हतं. राजुरीला माजी धाकली बहीण हाय, झुंबर. पडवीत माजी खाट टाकून ठिवलीय तिनं, म्हनती ये. पर लंकीला कसं सांगू? ती चाळ बांधायच्या आदी कनातीच्या फटीतनं बघती, मी हाय का न्हाई. मी दिसले मंगच बांधती. पोर व्हती तवापास्नं. तिला ठावं बी नसंल. म्हनलं, मशीन आलं का माजं काम सरंल, मंग ती आपसूक सोडंल. म्हनून बोलले, मशीन येईल त्या दिशी उतरव. तिला वाटलं मी रुसले. अवो, रुसायला मी काय नवी नवरी हाय?’’

मग ती हसली आणि म्हणाली, ‘‘तर तिनं असलं मशीन धुंडून आनलं, का माज्याबिगर हलतच न्हाई! आदी दिसा धुत व्हते, राती कनातीला टेकून डोळा तरी लागायचा. आता जनरेटर राती, मंग ह्ये बी राती. मला लई काय नगं. येक डाव राती निजून सकाळी उठायचंय. मानसं उठत्यात तसं.’’

लंके, तुझं ते मशीन गोदामातून मीच शोधलं होतं. भोंगा दुरुस्त होत होता तो मीच करू दिला नाही. मला काल घास गेला नाही.

‘लंकीला सांगू नगा’ म्हटल्यावर मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे तिने विचारलं नाही. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझी
कंचन

ता. क. – मशीन केव्हाही बदलून देईन. वापरलेलं असलं तरी चालेल. – पुनमचंद


नारायणगाव
२ एप्रिल १९९८

कंचे,

तुझं पत्र वाचलं आणि तुझा असा राग आला की विचारू नकोस. शेठाणीला काय कळतंय आमच्यातलं, असंही म्हटलं. पत्र पेटाऱ्यात कोंबलं आणि चाळ बांधायला बसले. बांधता बांधता मान आपोआप वर झाली आणि मी कनातीच्या फटीतून बघितलं. मावशी मशीनला धरून उभी होती, डोळे मिटलेले. उभ्या उभ्या झोपली होती गं. मशीन हलत होतं तशी तीही हलत होती.

तिला काम हवंय, तिला काम हवंय, असं मी सगळ्या जगाला सांगत सुटले. काम तिला कशाला हवंय? मला ती हवी होती. मी एवढी मोठी घोडी, फडाची मालकीण, आणि मला अजून कनातीमागे आई उभी लागते. त्यापायी मी तिला हंगामभर उभं केलं.

ऐन जत्रांच्या तोंडावर कोणी माणूस सोडत नाही. तरी पाडव्याला सुपाऱ्या घ्यायला फड इथे आला, त्याच दिवशी मी मावशीला म्हटलं, ‘‘चल, तुला उतरवायचंय.’’ तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘‘त्या मंचरवालीच्या पोटात काय बी ऱ्हात न्हाई.’’ मग बोचकं बांधायला घेतलं. गाठ मी मारली.

मशीन बदलू नका म्हणावं शेठजींना. आता ज्याचे कपडे त्याने धुवायचे अशी पाळी लावलीय. काल राजाने मुकुट घालून स्वतःचं धोतर पिळलं. भोंगा झाला की मी जाते, आणि मावशीसारखा पीळ मला अजून देता येत नाही, तो बोंबलतच राहतो. सावळेराम म्हणतो, यमाला आता खरंच उशीर होतोय.

राजुरीला सगळा फड आला सोडायला. कोणाला नको म्हणता येईना. झुंबरबाईने पडवीत खाटेवर धुतलेली वाकळ अंथरली होती. मावशी टेकली आणि म्हणाली, ‘‘बसा, च्या घिऊन जावा.’’ झुंबरबाई चहा टाकायला आत गेली. चहा घेऊन बाहेर आली, तर मावशी आडवी झाली होती. भर दुपारी, पायात चपला तशाच. एवढ्या माणसांत, एवढ्या गलक्यात, गाढ झोपलेली.

मी चपला काढल्या. सगळ्यांनी उभ्याने चहा घेतला आणि कप हळूच खाली ठेवले. अमृत ट्रकात चढला, पण त्याने चावी फिरवली नाही. आमच्या ट्रकाचा आवाज तू ऐकलायस, अख्खी आळी जागी होते. त्याने फक्त गिअर काढला आणि खाली बघून मान हलवली. मग राजा, प्रधान, सोंगाड्या, ढोलकीवाले, पोरी, सगळे मागे लागले. मीही पदर खोचला. तो अवजड ट्रक आम्ही ढकलत ढकलत आळीच्या पार टोकापर्यंत नेला आणि मगच चालू केला.

तुझी
लंका